पकड शिकवणाऱ्या बाई



गेल्या महिन्यात आमच्या घरी जेवता जेवता वाद झाला. तुमच्याही घरी उद्या होऊ शकतो, म्हणून आज त्याच्याविषयीच लिहिते.

माझी पुतणी मालवणची. बारावीसाठी आमच्याकडे ओरोसला राहते. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मैदान. कॉलेजच्या कबड्डी संघात ती उजव्या कोपऱ्यात उभी राहते. शनिवारी तिचे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, कचेरीतलं काम उरकून आमच्याकडे जेवायला आले. बांगड्याचं तिखलं वाढून होतंय तोच पोरीनं जाहीर केलं, "बाबा, मी पदवी झाल्यावर बी.पी.एड. करणार. मग कबड्डीची कोच होणार."

दिरांचा घास हातातच राहिला. मच्छीच्या धंद्यात पहाटे तीनला उठणारा माणूस. मुलीनं डी.एड. करावं, नाहीतर नर्सिंगला जावं, एवढं त्यांच्या मनात पक्कं होतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, आता तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या पोरींचे पाय धरून कुणाचं पोट भरलंय?"

सासूबाई पदराआड हसल्या. पोरगी ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. मग महिनाभर विचारपूस केली, वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी खेळाविषयी थोडं. आपण शाळेत हुतुतू खेळलो, तेव्हा आपलं सगळं लक्ष चढाई करणारीकडे असायचं. कबड्डी कबड्डी म्हणत ती एकटी पलीकडे जायची, शिवून परत यायची, टाळ्याही तिलाच मिळायच्या. पण पलीकडे सातजणी उभ्या असतात, त्यांचं काम कुणी नीट पाहत नाही. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत आधार देणाऱ्या, आणि मधे मध्यरक्षक. हातात हात घालून त्यांची साखळी तयार होते. चढाईला तीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात साखळीनं मागेही सरकायचं, पुढेही यायचं, आणि नेमक्या क्षणी कोपऱ्यातलीनं घोटा धरायचा. तिनं धरला की बाकीच्यांनी डोळ्याचं पातं लवण्याआधी तिथे पोचायचं. त्या उशिरा पोचल्या तर धरणारीच बाद. संघात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड यशस्वी झाली तर एक गुण जास्त मिळतो, कारण ती सगळ्यात अवघड.

पुतणी मला सांगत होती, "चाची, चढाई काहींना उपजत येते. पकड मात्र शिकवावी लागते. तोंडाकडे बघायचं नाही, कमरेकडे आणि पायांकडे बघायचं. आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात कठीण." म्हणजे बचावाची फळी उभी करायची तर शिकवणारं माणूस लागतंच. आणि तेच माणूस मैदानाच्या बाहेर बसलेलं असतं. त्याचं नाव गुणफलकावर नसतं.

अशा एका बाईंची हकिकत मला सापडली, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातली निघाली.

नाशिकच्या शैलजा जैन. मूळच्या विदर्भातल्या. शासनाच्या क्रीडा खात्यात त्यांनी कबड्डीच्या प्रशिक्षक म्हणून अनेक वर्षं नोकरी केली, नाशिकच्या मैदानावर मुलींच्या पिढ्या घडवल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. भारतीय संघाची प्रशिक्षक होण्याची संधी मात्र त्यांना कधी मिळाली नाही. याची खंत त्यांनी पुढे मुलाखतींत बोलून दाखवली आहे. साठीच्या आसपास आपण गुडघ्याला तेल लावत बसतो. त्या वयात त्यांना इराणच्या महिला संघाचं बोलावणं आलं.

त्यांचं मन लगेच तयार झालं नाही. कारण काय, तर त्या शाकाहारी. परक्या मुलुखात खायचं काय? हे वाचून मला हसू आलं आणि आपलेपणाही वाटला. आपल्या मुली शिबिराला निघाल्या की आपण नाही का विचारत, जेवण हलाल असेल ना? खाण्याची काळजी सगळ्या घरांत सारखीच, फक्त ताट वेगळं.

अखेर २०१७ मध्ये त्या इराणला गेल्या. भाषेची अडचण होती, म्हणून कामापुरती फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणले. कबड्डीत श्वास हाच जीव, तेव्हा मुलींनीही ते मनापासून केलं. आणि पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट मुलींच्या मनावर बिंबवली, ती म्हणजे सुवर्णपदक.

तिथल्या मुली कमी नव्हत्या. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हाही अंतिम सामन्यात भारतासमोर इराणच होता. त्या वेळी भारत जिंकला आणि संघातल्या महाराष्ट्राच्या तीन मुलींना, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे यांना, आपल्या सरकारनं प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. आशियाई खेळांत महिला कबड्डी २०१० मध्ये आली. तेव्हाचं आणि २०१४ चं, दोन्ही सुवर्णपदकं भारताची.

मग आला २४ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातल्या जकार्ता शहरात आशियाई खेळांचा अंतिम सामना. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला इराण, आणि इराणच्या बाकावर आपल्या नाशिकच्या बाई. सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला आणि इराणनं २७-२४ असा जिंकला. आदल्याच दिवशी भारताच्या पुरुष संघाला इराणच्या पुरुषांनी उपान्त्य फेरीत हरवलं होतं. ज्या खेळाला आपण आपला म्हणतो, त्यात दोन दिवसांत दोन्ही सुवर्णपदकं इराणला गेली.

भारत हरला याचं वाईट मलाही वाटलं, का वाटणार नाही? पण त्या बाईंचा अभिमानही वाटला. शिक्षिकेचं काम समोरच्या मुलीला शिकवण्याचं. समोरची मुलगी कुठल्या गावची, कुठल्या देशाची, हे तिच्या हातात नसतं. नाशिकमध्ये जे तीसेक वर्षं केलं तेच त्यांनी इराणमध्ये केलं. फरक एवढाच, की या वेळी जगानं पाहिलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पोशाखाचं काय? माझ्याही मनात तो होताच. इराणच्या त्या मुली डोक्याला घट्ट बसणारं वस्त्र, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायघोळ विजार घालून खेळल्या, आणि तशाच पदक घ्यायला उभ्या राहिल्या. कपड्यामुळे ना त्यांची पकड सैल झाली, ना खेळ अडला. कुणाच्या घरी काय चालतं ते ज्याचं त्यानं ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण "अंग झाकून खेळता येत नाही" हे कारण पुढे करायचं असेल, तर जकार्ताचा सामना आठवावा. धावण्या-खेळण्याचं म्हणाल, तर हजरत आयेशांनी आपल्या पतीबरोबर, म्हणजे पैगंबर साहेबांबरोबर, धावण्याची शर्यत लावल्याचं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. पहिल्या वेळी त्या जिंकल्या आणि पुढे एकदा हरल्या, हेही ऐकलंय.

दिरांचा प्रश्न मात्र पोटाचा होता, आणि तो खोटा नव्हता. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

घोटे धरून पोट भरतं का? पुरुषांचं भरतं, हे तर दिसतंच आहे. इराणचा फजल अत्राचली हा डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा पकडपटू. २०१८ च्या लिलावात मुंबईच्या संघानं त्याला एक कोटी रुपयांना घेतलं. २०२३ मध्ये त्याच्याच देशाच्या महंमदरेझा शादलुईसाठी पुण्याच्या संघानं दोन कोटी पस्तीस लाख मोजले. तोही पकडीचाच बादशहा. त्याच पुणेरी संघानं १ मार्च २०२४ ला हैदराबादेत प्रो कबड्डीचं विजेतेपद पटकावलं, आणि त्याचा कर्णधार कोण होता? आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. हे नाव सांगितल्यावर दिरांनी पहिल्यांदा मान वर केली.

पण मुलींची गोष्ट तशी नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा पुरुषांच्या लीगबरोबर घेतली गेली, ती पुढे चालली नाही. म्हणून खेळाडू होऊन घर चालेल, अशी आशा मी पुतणीला दाखवणार नाही. खेळाडू म्हणून शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते.

प्रशिक्षक होण्याचा रस्ता वेगळा. पदवी, त्यानंतर बी.पी.एड. त्यानं शाळेत क्रीडाशिक्षिका होता येतं. खरा कोच म्हणवून घ्यायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, ज्याला सगळे एन.आय.एस. म्हणतात, त्यांची पदविका. पदवीधर आणि स्पर्धांत खेळलेल्या मुलामुलींना तिथे प्रवेश घेता येतो. ज्यांना एवढा वेळ काढता येत नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. पुढे क्रीडा खात्यात क्रीडा मार्गदर्शक, तालुका क्रीडा अधिकारी अशी पदं असतात, ती स्पर्धा परीक्षेतून किंवा भरतीतून मिळतात. मोठं काम करणाऱ्या प्रशिक्षकांना राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत हे आपले मराठी वस्ताद होते.

दुसरी बाजूही सांगते. जागा थोड्या निघतात. पुष्कळ शाळांत क्रीडाशिक्षक मानधनावर असतात, आणि ते मानधन वेळेवर मिळेलच असं नाही. संघ हरला की दोष कोचचा, जिंकला की कौतुक खेळाडूंचं. शैलजाबाईंना जगानं ओळखलं ते निवृत्तीनंतर. हा धीर धरणाऱ्यांचा धंदा आहे, मासे न लागणाऱ्या दिवसांतही जाळं विणत बसण्यासारखा. हे मी दिरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते आम्हाला शिकवू नका भाभी, ते आम्हाला येतं."

या धंद्याची पूर्ण शिडी पाहायची तर अमेरिकेकडे बघावं लागतं. तिथला फुटबॉल आपल्यासारखा पायानं खेळायचा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्याला शिरस्त्राण बांधून धडका देत खेळायचा. थोडाफार कबड्डीसारखाच, कारण तिथेही बचावाची एक फळी समोरच्याला अडवायला उभी असते. तिथल्या कॉलेजांत या खेळाचं इतकं प्रस्थ, की त्या एका फळीला शिकवायला वेगळा कोच असतो. मधल्या रांगेचा वेगळा, मागच्यांचा वेगळा, आणि सगळ्यांवर एक मुख्य.

या शिडीवरून चढलेला एक माणूस आपल्याला जवळचा वाटेल. रॉबर्ट सालेह. मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न गावचा, लेबनॉनहून गेलेल्या मुस्लिम घरातला. कॉलेजात खेळला आणि मग बँकेत चांगल्या नोकरीला लागला. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ तिथे होता. तो सुखरूप बाहेर पडला. पण भाऊ जिवंत आहे की नाही, हे न कळण्यात गेलेल्या त्या तासांनी रॉबर्टला विचारात पाडलं. आयुष्यात करायचं ते हेच का? त्यानं बँक सोडली आणि २००२ मध्ये एका विद्यापीठाच्या संघात अगदी खालच्या पायरीचा साहाय्यक झाला. चार वर्षांत तीन विद्यापीठं झाली. नंतर व्यावसायिक संघांत बचावाचा साहाय्यक, मग एका फळीचा कोच, मग पूर्ण बचावाचा प्रमुख. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघानं त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. त्या मोठ्या लीगमधला तो पहिला मुस्लिम मुख्य प्रशिक्षक. तिथवर पोचायला एकोणीस वर्षं लागली. आणि संघ नीट चालेना, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला काढलंही. पुढच्या हंगामात तो पुन्हा आपल्या जुन्या संघात बचाव शिकवायला गेला. पद गेलं, पण हातातलं काम कुणाला काढून घेता आलं नाही.

आता जी गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

पुतणीच्या संघात सुरुवातीला आपल्या ओळखीच्या घरातल्या आणखी दोन मुली होत्या. दोघीही चांगल्या खेळायच्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना थांबवलं. कारण, शिकवणारे सर आहेत. घोटा कसा धरायचा, कंबर कशी अडवायची, हे पुरुष शिकवणार, ते नको. बाई असत्या तर पाठवलं असतं, असं त्यांच्या आयांनी मला स्वतः सांगितलं. सर सज्जन आहेत, हेही त्याच म्हणाल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. आईच्या मनात शंका येते, तिला आपण हसू नये.

पण मग मी घरी येऊन विचार केला. आपल्याला बाळंतपणाला लेडी डॉक्टर हवी. मुलीच्या वर्गाला बाई हव्यात. एस.टी.त तिकीट फाडायला बाई असली तर बरं वाटतं. मैदानावरही बाईच कोच हवी. आणि आपल्याच घरातली मुलगी म्हणते, मी होते ती बाई, तर आपण म्हणतो, तू नको, नर्सिंग कर. मग ती बाई यायची कुठून? प्रत्येक घरानं आपली मुलगी मागे ठेवली आणि दुसऱ्याच्या मुलीची वाट पाहिली, तर मैदानावर सरच राहणार, आणि आपल्या मुली कुंपणाबाहेरच राहणार.

शैलजाबाईसुद्धा कुणाच्या तरी घरातून निघाल्या. त्यांच्या काळी, त्यांच्या घरीही कुणीतरी विचारलं असेल, पाय धरून पोट भरतं का? त्या घरानं हो म्हटलं, म्हणून नाशिकच्या मुलींना बाई मिळाल्या, आणि पुढे इराणच्या मुलींनाही.

हे सगळं मी दिरांना सांगितलं. ते ऐकून घेतात, लगेच हो म्हणत नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी खेळ तरी बघू दे."

मग ते आले. इथे ओरोसला एकोणीस वर्षांखालील मुलींचे सामने होते. दुपारचं ऊन, खांद्यावर टॉवेल टाकून ते कुंपणाशी उभे राहिले, खुर्चीवर बसले नाहीत. पुतणीनं एक सुरेख पकड केली, दोन चुकल्या. संघ चार गुणांनी हरला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. स्टँडकडे चालत जाताना बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग दीर म्हणाले, "ती शेवटची होती ना, त्या उंच मुलीची, तेव्हा तू लवकर झेपावलीस. तिचं वजन अजून मागच्या पायावर होतं."

पुतणी जागच्या जागी थांबली. "बाबा, सरपण हेच सांगतात!"

"मासा गळाला हुंगतो तेव्हा ओढायचं नसतं," ते म्हणाले आणि चालू लागले.

निर्णय असा झाला आहे, की पदवी आधी पूर्ण करायची, तीही चांगल्या गुणांनी. खेळ सुटायचा नाही. पदवीनंतर सहा आठवड्यांचा तो अभ्यासक्रम करून बघायचा, आणि तेव्हाही मन असेल तर बी.पी.एड.ला घालायचं. नर्सिंगचा फॉर्म कपाटात आहे, दिरांनी तो फाडलेला नाही, आणि फाडावा असं मीही म्हटलं नाही. पोराबाळांचा विचार करणाऱ्या माणसाला एक दार उघडं ठेवू द्यावं. इन्शाअल्लाह, जे भल्याचं असेल ते होईल.

त्या दोन मुलींच्या आयांकडे मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. मुलींना लगेच पाठवा, असं म्हणायला नाही. सामना बघायला या, एवढंच म्हणणार आहे. कुंपणाशी उभं राहिलं की माणसाचं मत थोडं सरकतं, हे मी घरातच पाहिलंय.

तुमच्या गावात मुलींना खेळ शिकवणारी बाई आहे का? असेल तर तिची हकिकत मला जरूर कळवा. आणि नसेल, तर आपल्या घरात नजर टाका. कदाचित ती आज तुमच्याच ताटाला ताट लावून जेवायला बसली असेल, आणि तुम्ही काय म्हणता याची वाट पाहत असेल.